कडेचा मुरूम

रस्त्याला भेग पडली की तुम्ही पहिलं नाव कुणाचं घेता? रस्त्याचा ठेका घेणाऱ्या गुत्तेदाराचं, सरकारचं, की डांबराच्या कढईपाशी धुरात उभं राहणाऱ्या माणसाचं? मी गुत्तेदाराचं घेतलं. मोठ्या साहेबांनी कढईवाल्याचं घेतलं. दाजी, तुम्ही कुणाचंच घेतलं नाही. टोपी काढून बाजूला ठेवलीत आणि भर रस्त्यावर पालथे झालात. मागून येणारा गाडीवान ओरडला, ओव्हरसीयर साहेबाला चक्कर आली, पाणी आणा. तुम्ही पडल्या पडल्याच त्याला म्हणालात, "चक्कर न्हाई आली बाबा. बघायलोय." काय बघायलाव, असं त्यानं विचारलं. "तेच बघायलोय," तुम्ही म्हणालात.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. अक्का आमच्याकडे, तिच्या माहेरी आली आहे. परवा तूर निवडता निवडता म्हणाली, तू एवढी पत्रकं लिहितोस, यांच्यावर एक लिही. जरा वेळानं सुपातून मान वर न करता पुढं म्हणाली, "पण देव करू नको त्यांला. डांबराच्या हातानं भाकरी खायचे. किती सांगितलं तरी ऐकले न्हाईत."

म्हणून लिहितो आहे. देव करणार नाही. तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, हे सगळं ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मला फक्त या रस्त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, कारण आपलं भांडण तिथंच राहिलं.

आपलं पहिल्यापासून पटत नव्हतं. सरहद्दीपलीकडच्या सोलापुराकडून ज्वारीच्या पोत्यात लपून येणारी, इथं बंदी असलेली पत्रकं वाचत मी मोठा झालो. त्यांत जुलूम करणारा एक असतो, सोसणारे बाकी सगळे, आणि वाचून झालं की मुठी आवळल्या जातात. मला अजूनही ती पत्रकं खोटी वाटत नाहीत. तुम्ही ती माझ्याकडून मागून घेऊन वाचायचात, नीट घडी घालून परत करायचात आणि म्हणायचात, "मेव्हण्या, तुझ्या पत्रकात गुन्हेगार पहिल्याच ओळीत सापडतोय. आमाला खाली उतरावं लागतंय." मला राग यायचा. सरकारी नोकरीतल्या माणसाला असं बोलायला सोपं, असं मी म्हणायचो. तुम्ही हसायचात आणि अक्काकडे पाणी मागायचात.

नौबादचा लाल माळ उतरून काळ्या रानात येणारा आणि आमच्या गावावरून पुढं जाणारा रस्ता डांबरी झाला, तेव्हा देखरेख तुमच्याकडे होती. पुढच्या उन्हाळ्यात तुमचं आणि अक्काचं लग्न झालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, रस्त्याला भेगा पडल्या. मोठे साहेब मोटारीतून आले. काच खाली करून त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की डांबर जास्त उकळलं आहे, जळून ठिसूळ झालं आहे, कढईवर कोण होतं? कढईवर मदारसाब होते. मदारसाब आणि त्यांची टोळी त्याच दिवशी कामावरून गेली. जळकं डांबर ओतणारी टोळी म्हणून त्यांचं नाव बीदरपासून गुलबर्ग्यापर्यंत पोचलं आणि त्यानंतर एकाही गुत्तेदारानं त्यांना उभं केलं नाही. मदारसाब नौबादला लाकडं फोडून पोट भरू लागले. टोळीतले बाकीचे कुठं गेले, ते तुम्हीही शोधत होता.

ते एकदाच तुमच्याकडे आले, तेव्हा मी ओट्यावर होतो. त्यांनी रडगाणं गायलं नाही. "जल्या होता तो मैं खुद बोल देता साब," ते म्हणाले. "मेरे हात का काम है." चहा घेतला आणि गेले. तुम्ही बराच वेळ रिकाम्या कपाकडे बघत कन्नडात काहीतरी पुटपुटत होता. विचार करताना तुमची भाषा बदलायची, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

फाल्गुन लागला, जमीन पुन्हा वाळली आणि तुम्ही कामाला लागलात. कुणी सांगितलं नव्हतं. मला बरोबर घेतलंत, कारण मी गुत्तेदारावर पत्रक लिहायला बसलो होतो. त्यानं डांबर चोरलं, पातळ थर दिला, असं माझं म्हणणं होतं. तुम्ही म्हणालात, चल, चोरी दाखव.

जिथं भेग होती तिथला आणि जिथं नव्हती तिथला, असे डांबराचे दोन तुकडे तुम्ही काढलेत. उन्हात दोन्ही मेणासारखे वाकले. उन्हात तर कुठलंही डांबर वाकतं, म्हणून तुम्ही ते रात्रभर रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेत. सकाळी पाणी भरायला गेलेल्या अक्काच्या हाताला काळं लागलं आणि तिनं तुम्हाला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. गार झालेले तुकडे तुम्ही एकेक करून दाबलेत. दोन्ही सारख्याच जोरानं तुटले, दोन्हींची मोड आतून सारखीच चकचकीत होती. "जळलं असतं तर भेगेपाशीचं आधी तुटलं असतं," तुम्ही म्हणालात. मदारसाबांची कढई सुटली.

मग थर मोजला. एकाच काडीनं, भेग असलेल्या जागी आणि नसलेल्या जागी. सगळीकडे सारखा, आणि जेवढा ठरला होता तेवढा. गुत्तेदारही सुटला. माझं तोंड पाहून तुम्ही म्हणालात, "चोर सापडला न्हाई म्हणून तोंड उतरलं व्हय?"

मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

त्यानंतरच तुम्ही रस्त्यावर पालथे झालात. तुम्ही दाखवेपर्यंत मला भेग ही नुसती भेग वाटत होती. तुम्ही म्हणालात, हिची चाल बघ. ती आडवी जात नव्हती. गाड्यांच्या लोखंडी धावा जिथून जातात तिथंही नव्हती. रस्त्याच्या कडेपासून हातभर आत, कडेच्या बरोबरीनं, लांबच लांब चालली होती. आणि ती सगळीकडे नव्हती. आपण माळापासून चालत आलो. लाल मातीत भेग नाही, हे मला समजत होतं. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते हे इथल्या लेकरालाही ठाऊक असतं. पण काळ्या रानातही मैलच्या मैल रस्ता धड होता. गाव जवळ आलं की भेग सुरू व्हायची, गाव मागं पडलं की मिटायची. पुढच्या गावाला पुन्हा तेच. "काळी माती तर सगळीकडं हाय," तुम्ही म्हणालात. "मग गावापाशीच कामून?"

तुम्ही भेगेला आडवा चर खणून घेतलात. वर बोटाएवढी असलेली भेग खाली मनगट जाईल एवढी होती. म्हणजे ती वरून खाली गेली नव्हती, खालून वर आली होती. चरातून तुम्ही बाजूला सरकत रस्त्याच्या कडेला आलात आणि तिथं थांबलात. डांबराच्या दोन्ही बाजूंना मुरमाची रुंद पट्टी द्यायची असते. ती दिलीही होती, तुम्हीच दिली होती. ती असली की कडेच्या काळ्या मातीतली ओल टिकते. इथं पट्टीच नव्हती. नुसती काळी माती उघडी, उन्हाला तोंड देऊन. ती वाळली, आकसली, आणि डांबराच्या खालची मातीही आपल्याबरोबर ओढून घेऊन गेली. डांबर बिचारं वर एकटं राहिलं आणि फाटलं.

पट्टी गेली कुठं, हे तुम्ही तिथं बोलला नाहीत. आमच्या घरी आलात, हातपाय धुतलेत आणि अंगणात उभे राहून खाली बघत राहिलात. मग वाकून चिमूटभर मुरूम उचललात. अप्पा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसले होते.

आमच्याकडे लग्न ठरलं की मांडव घालण्याआधी अंगणात नवा मुरूम पसरतात. काळ्या रानातल्या गावाला मुरूम म्हणजे मोठी चीज. पहिली पाटी नवरीच्या मामानं टाकायची, मग भावकीनं. चोपून, सारवून अंगण लाल झालं की घरात लग्न आहे हे लांबून कळतं. तुम्ही विचारलंत, "अप्पा, आमच्या लग्नातला मुरूम कुठला वो?"

अप्पांनी जराही न लाजता सांगितलं, "रस्त्याचा. दुसरा कुठला?"

"म्हणजे आमचं लगीन सरकारी रस्त्यावरच लागलं म्हणा की."

"रस्त्यावरचाच जावई, त्याला काय झालं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी तुम्हाला समजावलं, अगदी लहान मुलाला समजवावं तसं. डांबराला कुणी हात लावला नाही. डांबर म्हणजे रस्ता, तो सरकारचा, त्याचा खडाही कुणी उचलला नाही. कडेचा मुरूम काय, पडून असतो. सगळी गावं तिथूनच नेतात. आणि न्यायचा नाही तर आणायचा कुठून? गावाची मुरमाची टेकडी होती गायरानात, आजापणज्यापासून तिथूनच पाट्या भरून आणत होतो. "ती तुमच्या गुत्तेदारानं रस्त्यासाठी सपाट केली. गावाला विचारलं न्हाई. आमचीच टेकडी रस्त्याच्या कडंला पसरली होती. आमी आमचं परत आणलं."

तुम्ही बाजेच्या काठावर बसलात. अक्का दारात उभी होती. मला मात्र आतून आनंद झाला होता, कारण मला माझा गुन्हेगार परत मिळाला होता. टेकडी खाणारा गुत्तेदार. मी त्याच बैठकीत पत्रकाची पहिली ओळ मनात जुळवली.

आपलं भांडण त्यानंतर झालं, रानाकडे जाताना. तुम्ही अहवालात सगळं लिहिणार होता. डांबर जळलेलं नाही, हे. कडेचा मुरूम गावांनी नेला, हे. गावांची टेकडी गुत्तेदारानं नेली, हेही. मी म्हणालो, मधलं वाक्य गाळा. ते एक वाक्य वाचून पोलिसांचा अमीन येईल आणि गावंच्या गावं वेठीला धरून रस्त्यावर घालेल. बाकीची दोन वाक्यं कोण वाचतो? वेठ काय असते हे मी तुम्हाला सांगितलं. माझ्या चुलत्याला ऐन सुगीत बैलांसकट साहेबाच्या दौऱ्यावर नेलं होतं आणि त्याची ज्वारी उभ्या उभ्या पाखरांनी खाल्ली. हे मी पत्रकात वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे.

तुम्ही ऐकून घेतलंत. पुन्हा कन्नडात काहीतरी पुटपुटलात. मग विचारलंत, "मग मदारसाबला काय सांगू? तुझ्या टोळीच्या पोटापेक्षा माझ्या सासुरवाडीची अब्रू मोठी निघाली, असं सांगू?"

मी म्हणालो, मदारसाबना सोडवायला डांबराचं वाक्य पुरे आहे. तुम्ही म्हणालात, ते पुरणार नाही. डांबर नाही, एवढं म्हटलं की साहेब विचारणार, मग काय? खरं कारण ठेवलं नाही तर जुनंच कारण परत येऊन बसतं. मी तुम्हाला सरकारचा माणूस म्हणालो. तुम्ही मला म्हणालात, "तुला गरीब माणूस आवडतोय, पण त्यानं चूक केलेली चालत न्हाई. मला चालतंय." आणि वाट बदलून विहिरीकडे गेलात.

दाजी, या वाक्याचं उत्तर मी अजून जुळवतो आहे. अर्धंच जुळलं आहे. ते अर्धं असं की ज्याच्या हातात लेखणी आहे त्यानं आपण लिहिलेल्या वाक्याचं पुढं काय होतं हेही पाहिलं पाहिजे. वेठीचा हुकूम निघाला असता तर तुम्ही काय केलं असतं, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. आपण दोघंही जेवताना ताकाबद्दल बोलत राहिलो.

पण तुम्ही एक गोष्ट केलीत जी मला सुचली नव्हती. अहवाल पाठवण्याआधी तुम्ही चावडीसमोर गाव जमवलंत आणि त्यात जे लिहिणार होता ते तोंडी सांगितलंत. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना आधी ऐकवायचं, एवढंच तुमचं म्हणणं. गाव चिडलं. एकानं विचारलं, हुंड्यात रस्ता मागितला होता का जावयबापू. आमच्या शेजारच्या गौराबाई म्हणाल्या की खणा आमची अंगणं आणि भरा तुमची कड, हे घ्या खोरं. त्यांनी खरंच खोरं आणून तुमच्यासमोर टाकलं. तुम्ही ते उचललंत, त्याचा दांडा हलत होता तो दगडानं ठोकून बसवलात आणि त्यांना परत दिलंत. मग म्हणालात, "अंगण असू द्या मावशी. नव्या ठिकाणचा मुरूम मागू. पण आपण नेला, हे म्हणायला लागतंय. आपल्या पायी दुसऱ्याची भाकर गेली."

कुणी हो म्हटलं नाही. पण त्यानंतर शिव्याही थांबल्या. अप्पा तेवढे घरी येऊन म्हणाले, माणूस तोंडावर बोलला.

अहवाल गेला आणि परत आला. मोठ्या साहेबांचा निरोप असा की कारणं दोन-तीन असू शकत नाहीत, एकच लिहा. तुम्ही तो पुन्हा तसाच पाठवलात. तो पुन्हा आला. एक कारण म्हणजे कोणतं, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. मातीचं नाव घेतलं तर रस्ता असा आखणाऱ्यांकडे बोट जातं. मुरमाचं घेतलं तर गावं टेकडीचं घेतात, आणि बोट गुत्तेदाराकडे जातं. डांबराचं घेतलं तर फक्त मदारसाबांकडे. तुम्ही ठरवलंत की साहेबांना कागद वाचायचा नसेल तर चर दाखवायचा. वैशाखात भर दुपारी तुम्ही गावागावाच्या वेशीत चर खणून घेत उभे राहिलात. अक्कानं कांदा बांधून दिला होता, तो खिशातच राहिला. ऊन बाधलं.

तुमच्यासाठी खड्डा खणला तेव्हा मी तिथं उभा होतो. जंगमस्वामी काही म्हणत होते, अप्पांनी माझा खांदा धरला होता. आणि माझी नजर खड्ड्याच्या भिंतीवर होती. काळ्या मातीत एक भेग वरून खाली उतरली होती आणि कंबरेएवढ्या खोलीवर, जिथं माती ओलसर झाली, तिथं मिटली होती. मी ती कुठवर जाते हे बघत होतो. आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला खाली बसवत होते आणि मी भेगेचा शेवट शोधत होतो. मला त्याची लाज वाटली नाही. तुम्हीही तेच केलं असतं.

तुमचे आभार मानायचे राहिले. मी अजून पत्रकंच लिहितो, आणि मुठी आवळाव्यात असं मला अजून वाटतं. फक्त पहिल्या ओळीत नाव घातल्यावर आता मी थोडा थांबतो. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चेष्टा केली असती, म्हणून सांगितलं नाही.

आता जे हे वाचत आहेत आणि ज्यांना हे वाचून दाखवलं जात आहे, त्या रस्त्याकडेच्या गावकऱ्यांना सांगतो. येत्या सोमवारी मोठे साहेब नौबादवरून खाली येणार आहेत. दाजी नाहीत, म्हणून अहवाल आता दुसरा कुणी लिहील, आणि त्यात एकच कारण असेल. दाजींनी खणलेले चर अजून उघडे आहेत. तुम्ही आपापल्या वेशीत, त्या चरापाशी येऊन उभे राहा. एकट्यानं येऊ नका, एकट्याला धरून नेतात. घरातली बायामाणसंही आणा, मुरूम त्यांनीही वाहिला आहे. साहेबाची मोटार थांबवा आणि सांगा की डांबर जळलेलं नव्हतं, कडेचा मुरूम आम्ही नेला, आणि आमची टेकडी आम्हाला न विचारता नेली. तिन्ही सांगा. मधलं गाळू नका. सगळी गावं मिळून बोलली तर वेठीला धरायला अमिनाचे शिपाई पुरणार नाहीत, असा माझा हिशेब आहे. तो चुकला तर पहिली पाटी मी उचलीन.

आणि माळाकडून येणाऱ्या गाडीवानांनो, मदारसाब नौबादलाच आहेत. त्या दिवशी त्यांना गाडीत पुढं बसवून आणा.